नेटवर्किंग की सायबर सिक्युरिटी? हातात ४५ हजार आहेत, आधी कोणती परीक्षा देऊ?

गोदाकाठ · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नांदेड जिल्ह्यातला. वय २४, बीसीएस झालंय. दोन वर्षांपासून चाकणला एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत डेस्कटॉप सपोर्टला आहे, हातात १९ हजार येतात. काम म्हणजे विंडोज टाकणं, प्रिंटर चालू करणं, केबल क्रिम्प करणं आणि रॅकमधल्या पॅच कॉर्ड बदलणं. नेटवर्कची टीम बेंगळुरूला बसते. काही बंद पडलं की त्यांचा फोन येतो, "चोवीस नंबरच्या पोर्टचा दिवा बघ, हिरवा आहे की केशरी?" मी बघून सांगतो. पलीकडे ते काहीतरी टाइप करतात आणि लाइन चालू होते. ते काय टाइप करतात हे मला कळायला हवं, एवढ्याच एका गोष्टीसाठी वर्षभर मन लागत नाहीये.

पुण्यातल्या एका क्लासमध्ये चौकशी केली. सीसीएनए, सीसीएनपी (दोन्ही सिस्को कंपनीची नेटवर्कची सर्टिफिकेटं), सीईएच (एथिकल हॅकिंगचं) आणि क्लाउड मिळून सहा महिन्यांत, ८५ हजार, "१०० टक्के प्लेसमेंट". हप्त्याची सोय आहे म्हणाले. माझ्याकडे साठवलेले ४५ हजार आहेत. बाबा म्हणतात, सोयाबीनचे पैसे आले की उरलेले मी देतो. ते घ्यायची माझी इच्छा नाही.

मित्र म्हणतो नेटवर्किंग संपलं, सगळं क्लाउडवर गेलं, सरळ एथिकल हॅकिंग कर. दुसरा म्हणतो सिक्युरिटी प्लसची परीक्षा दे. यूट्यूबवर रोज नवीन यादी. इंग्रजी वाचता येतं, पण हळू. कुठून सुरू करू?

---

जुना_स्विच · रविवार, रात्री १०:२५

गोदाकाठ, बाबांचे सोयाबीनचे पैसे बाबांकडेच राहू देत. तुझ्याकडे आहेत त्यात भागतं.

मी १९ वर्षं या कामात आहे. सुरुवात पिंपरीत छतावरून केबल ओढण्यापासून झाली, आणि आता आमच्या टीमसाठी दर वर्षी पोरांच्या मुलाखती घेतो. माझं मत: तू सीसीएनए कर. पुढे सिक्युरिटीत जायचं असलं तरी आधी हेच.

नेटवर्किंगची सीसीएनए आता एकच परीक्षा आहे, २००-३०१. पूर्वी राउटिंग-स्विचिंगची वेगळी, सिक्युरिटीची वेगळी, वायरलेसची वेगळी अशा होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोनं त्या मोडून एक केली. १२० मिनिटं, पात्रतेची अट नाही, पास झालास की ३ वर्षं वैध. शुल्क ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे तुझ्या ४५ हजारांतले साधारण ३० हजार. उरलेल्यात एक चांगलं पुस्तक येईल आणि जुन्या बाजारात एखादा वापरलेला स्विचही (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी). स्विच नाही घेतलास तरी अडणार नाही, कारण सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या परीक्षेचा बहुतेक सराव त्यात होतो.

अभ्यासक्रमाचे टक्के ठरलेले आहेत. आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे राउटिंग, एकटी २५ टक्के. नेटवर्कची मूलतत्त्वं २० आणि स्विचिंग-वायरलेसचा भाग २०. सिक्युरिटीची मूलतत्त्वं १५ टक्के आहेत, ती बघ. क्लासवाले तुला वेगळी विकताहेत त्यातली सुरुवात इथेच आहे.

"नेटवर्किंग संपलं" म्हणणाऱ्या मित्राला विचार, क्लाउडमध्ये सर्व्हर उभा करताना पहिल्या पानावर काय मागतात? पत्त्यांची रेंज मागतात. सबनेट (पत्त्यांचा गट), राउट टेबल (कुठे कसं जायचं त्याची यादी), गेटवे (बाहेर पडायचं दार). जे स्विचवर शिकशील तेच तिथे वेगळ्या रंगाच्या पडद्यावर दिसतं.

आता एक गृहपाठ. १०.२०.३०.७७, मास्क (गट किती मोठा ते सांगणारा आकडा) /२७. नेटवर्क कोणतं, ब्रॉडकास्ट (गटातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता) कोणता, आणि १०.२०.३०.९७ याच नेटवर्कात आहे का? मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर नको. कागदावर कर आणि इथे लिही.

---

पन्हाळा_४१६ · रविवार, रात्री ११:०२

भावा, त्या क्लासच्या पावतीवर सही करायच्या आधी एकच प्रश्न विचार: "८५ हजारांत सिस्कोच्या परीक्षेचं शुल्क आहे का?" बहुतेक ठिकाणी नसतं. शेवटी हातात जे देतात ते क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र असतं, कोर्स पूर्ण केल्याचं. खरी परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर होते आणि सर्टिफिकेट कंपनी देते. त्याची ऑनलाइन पडताळणी होते. क्लासच्या कागदाची कोण करणार?

मी हे अनुभवानं बोलतोय. २०१९ ला असाच एक पॅकेज कोर्स केला, ७० हजारांचा, वडिलांच्या पतसंस्थेच्या कर्जातून. सीसीएनपीचा भाग चार रविवारांत उरकला. "प्लेसमेंट" म्हणजे एका कॉल सेंटरची मुलाखत. करारात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मुलाखत मिळवून देणं म्हणजेच प्लेसमेंट. ते कर्ज फेडायला मला अडीच वर्षं लागली. त्या अडीच वर्षांत घरी कोणी एक शब्द बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

आणि डम्प्सच्या नादाला लागू नको. टेलिग्रामवर दोन-पाच हजारांत "शंभर टक्के खरे प्रश्न" विकतात. पकडलं गेलं तर सिस्को निकाल रद्द करते आणि पुढच्या परीक्षांची दारंही बंद होतात. नाही पकडलं तर मुलाखतीत पाच मिनिटांत पकडतात.

---

रातराणी · सोमवार, पहाटे ४:१५

शिफ्टमधल्या ब्रेकमध्ये लिहितेय, त्रोटक वाटलं तर समजून घ्या.

मी खराडीला एका सॉकमध्ये आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कंपन्यांच्या सर्व्हरचे, फायरवॉलचे, लॅपटॉपचे लॉग एका ठिकाणी येतात. त्यातून इशारे निघतात, आणि चोवीस तास कोणीतरी माणूस ते बघत असतो. एल-वन म्हणजे पहिली पायरी, इशारा खरा की खोटा ते ठरवायचं. एल-टू खोलात जातो. मी चार वर्षं एल-वन होते, आता एल-टू.

जुना_स्विचदादा, तुमच्याशी अर्धी सहमत. नेटवर्क यायला हवं, शंकाच नाही. पण "आधी नेटवर्कची नोकरी, मग पाच वर्षांनी सिक्युरिटी" हा जुना रस्ता आता एकटा राहिलेला नाही. आमच्याकडे एल-वनला थेट नवीन मुलं घेतात. गोदाकाठची दोन वर्षं सपोर्टमध्ये गेलीत, तोही अनुभव धरतात. वापरकर्त्याचा लॅपटॉप कसा वागतो हे त्याला माहीत आहे. नुसता कोर्स करून आलेल्यांना ते माहीत नसतं.

मी मुलाखतीत काय विचारते ते सांगते. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की पान उघडेपर्यंत काय काय होतं? इथे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), टीसीपीचा तीन पावलांचा हँडशेक (जोडणी), मग टीएलएस (संवाद कुलूपबंद करणं), हे त्याच क्रमानं यायला हवं. दुसरा प्रश्न: विंडोजच्या लॉगमध्ये एकाच खात्यावर ४६२५ दोनशे वेळा आलंय आणि नंतर एकदा ४६२४. काय समजायचं? ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४६२४ म्हणजे जमलं. कोणीतरी पासवर्ड ठोकत बसलं होतं आणि शेवटी आत गेलं. पुढे मी विचारते, आता पहिल्या दहा मिनिटांत काय करशील? इथे कोणतंही सर्टिफिकेट उत्तर देत नाही, माणूस देतो. तीन-तीन सर्टिफिकेटं असलेली मुलं इथे गप्प झालेली पाहिलीत. वाईट वाटतं, कारण पैसे आईवडिलांचे असतात.

सॉकसाठी परीक्षा निवडायची तर सिक्युरिटी प्लस पाया म्हणून चांगली. मायक्रोसॉफ्टची एससी-२०० जास्त कामाची, कारण त्यात सेंटिनेल आणि डिफेंडर हीच अवजारं आहेत जी आम्ही रोज वापरतो. तिचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, पण ते ऑनलाइन आणि फुकट आहे. घरी सरावाला वाझू (लॉग गोळा करून इशारे देणारं सॉफ्टवेअर) टाक, तेही फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर एक विंडोज, एक लिनक्स, आणि त्यांचे लॉग वाझूत आण. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघ, इशारा येतो का.

नाइट शिफ्टबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. एल-वनला महिन्यातले आठ-दहा दिवस रात्रीचे धरूनच चाल. शरीराला लागतं, घरच्यांना समजावून सांगावं लागतं. लग्नाची बोलणी चालू असताना "रात्री काय काम असतं" हा प्रश्न मला तीन घरांत विचारला गेला. काम मला मनापासून आवडतं. तरी हे आधी माहीत असावं.

---

शब्दवेल · सोमवार, सकाळी ९:१०

धाग्याशी थोडं अवांतर. माझी मुलगी बारावी सायन्स झालीय, तिला सायबर सिक्युरिटीच करायचं आहे. "सायबर सिक्युरिटी" नाव असलेली पदवी घ्यावी की साधं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग?

---

रातराणी · सोमवार, सकाळी ९:३५

ताई, साधं कॉम्प्युटर किंवा आयटी. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस आणि कोडिंग पक्कं करून घ्या. पदवीनंतर वाटलं तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा डिटिस हा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, साधारण सहा महिन्यांचा, त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. माझ्या टीममधले दोघं तिथलेच आहेत आणि त्यांची लिनक्सवरची पकड चांगली आहे. आत्ता लगेच कोणतंही महागडं सर्टिफिकेट घेऊन देऊ नका. तीन वर्षांची वैधता पदवी हातात यायच्या आधीच संपेल.

---

कोकणकडा · सोमवार, दुपारी १:२०

एथिकल हॅकिंगचा विषय निघाला म्हणून. सहा वर्षं पेनटेस्टिंग करतोय, म्हणजे कंपनीच्या लेखी परवानगीनं तिच्या यंत्रणेत शिरून दाखवायचं आणि अहवाल द्यायचा.

सीईएचवर इथे नेहमी भांडणं होतात, म्हणून नीट मांडतो. परीक्षा १२५ बहुपर्यायी प्रश्नांची, ४ तासांची. अधिकृत प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर दोन वर्षांचा सिक्युरिटीचा अनुभव दाखवून १०० डॉलरचा अर्ज करायचा, तेव्हा परीक्षेला बसता येतं. परीक्षेचं शुल्क हजार डॉलरच्या आसपास. भारतातल्या नोकरीच्या जाहिरातींत तिचं नाव अजून सर्रास दिसतं, एचआर चाळणी लावताना ते शोधतात, हे खरं आहे. पण पर्यायांवर खुणा करून पास होता येतं, हात चालतातच असं नाही. कंपनी पैसे देत असेल तर जरूर दे. १९ हजार पगारातून स्वतः देऊ नकोस, अगदी कळकळीनं सांगतो.

ओएससीपी ही पेनटेस्टिंगची परीक्षा वेगळीच गोष्ट. २३ तास ४५ मिनिटं तुम्ही आणि समोर अनोळखी मशीन. १०० पैकी ७० गुण लागतात. मग पुढच्या २४ तासांत पूर्ण अहवाल लिहून द्यायचा. नोव्हेंबर २०२४ पासून तिच्यासोबत ओएससीपी प्लस मिळतं, ते ३ वर्षांनी संपतं. मूळ ओएससीपी संपत नाही. कोर्ससकट दीड हजार डॉलरच्या वर जातं. मी पहिल्यांदा नापास झालो. पहाटे तीन वाजता लक्षात आलं की एका मशीनवर मी सहा तास चुकीच्या पोर्टच्या (मशीनमधलं सॉफ्टवेअरचं दार, स्विचवरचं नाही) मागे लागलो होतो. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये फक्त नेहमीचे हजार पोर्ट तपासले होते, सगळे ६५५३५ नाही. उत्तर वरच्या कुठल्यातरी पोर्टवर बसलेलं होतं. दुसऱ्या वेळी पास झालो ते त्या चुकीमुळेच.

गोदाकाठ, तुला ही वाट हवी असेल तर पैसे न घालता सहा महिने चाचपून बघ. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी पूर्ण फुकट आहे. ट्रायहॅकमीच्या बऱ्याच खोल्या फुकट आहेत. रस वाटला तर मग ईजेपीटी, ४८ तासांची हातानं करायची परीक्षा, खिशाला बरी. आणि कारखान्याच्या नेटवर्कवर एकही स्कॅन चालवू नकोस, अगदी "बघू या काय होतं" म्हणूनसुद्धा नाही. परवानगी नसेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लागू शकतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कारखान्यातली जुनी पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) साध्या स्कॅननंही बंद पडतात, आणि लाइन थांबली की तिथे माणसं उभी असतात.

---

गोदाकाठ · सोमवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. क्लासला फोन केला. परीक्षेचं शुल्क वेगळं, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. नाही म्हणून टाकलं.

जुना_स्विच सर, गृहपाठ. /२७ म्हणजे ३२-३२ चे गट. ७७ हा ६४ ते ९५ मध्ये बसतो. नेटवर्क १०.२०.३०.६४, ब्रॉडकास्ट १०.२०.३०.९५, मधले ३० पत्ते वापरता येतात. ९७ पुढच्या गटात, म्हणजे त्याच नेटवर्कात नाही. कागदावर वीस मिनिटं लागली.

एक शंका. सर म्हणतात सीसीएनए, रातराणीताई म्हणतात एससी-२०० किंवा सिक्युरिटी प्लस. दोन्हींचे पैसे नाहीत.

---

जुना_स्विच · सोमवार, रात्री १०:३०

उत्तर बरोबर. वीस मिनिटांची वीस सेकंदं होतील. रोज झोपायच्या आधी पाच गणितं कर.

रातराणी म्हणतात ते मी मान्य करतो, पाच वर्षं थांबायची गरज नाही. माझ्या काळी दुसरं दारच नव्हतं, म्हणून तोच रस्ता डोक्यात बसलाय. तरीही तुझ्यासाठी मी सीसीएनएच म्हणेन, आणि कारण तू पहिल्याच लेखात दिलंयस. पलीकडचा माणूस काय टाइप करतो ते तुला कळायला हवंय. ज्या प्रश्नानं वर्षभर झोप उडवली त्याचाच अभ्यास टिकतो. शिवाय तू रोज रॅकसमोर उभा असतोस. सॉकची परीक्षा देशील तर सरावाचं सगळं घरी उभं करावं लागेल. इथे खरी गोष्ट डोळ्यांसमोर आहे.

---

रातराणी · सोमवार, रात्री ११:४८

हे कारण पटलं. त्याच्या बाबतीत सीसीएनए आधी. लॉग वाचायची सवय मात्र आजपासून लाव, त्याला पैसे लागत नाहीत.

---

खिडकीबाहेर · मंगळवार, सकाळी ८:०५

उशिरा आलो. मी मुंबईत बँकांच्या माहिती-सुरक्षेचं लेखापरीक्षण करतो, त्यामुळे बाजू थोडी वेगळी आहे.

इथे सीसा (लेखापरीक्षणाचं सर्टिफिकेट) आणि सीआयएसएसपी (अनुभवी सिक्युरिटीवाल्यांचं) यांची नावं आली नाहीत ते बरंच झालं, कारण ती सुरुवातीची नाहीत. सीसा १५० प्रश्नांची, ४ तासांची. परीक्षा आधी देता येते, पण सर्टिफिकेट हाती यायला ५ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, काही सवलती सोडल्या तर. सीआयएसएसपीचे ८ विषय, त्यातल्या दोन किंवा अधिक विषयांत मिळून ५ वर्षांचा अनुभव. पदवीमुळे एक वर्ष कमी होऊ शकतं. चोविसाव्या वर्षी "सीआयएसएसपी फास्ट ट्रॅक" विकणाऱ्यांपासून दूर राहा.

त्याच आयएससी-टू संस्थेची सीसी नावाची सुरुवातीची परीक्षा आहे. २०२२ मध्ये त्यांनी दहा लाख लोकांना प्रशिक्षण आणि परीक्षा मोफत देण्याची योजना जाहीर केली. नोंदणीच्या वेळी अटी वाच, आणि पास झाल्यावर दर वर्षी ५० डॉलर भरावे लागतात हे आधीच गणितात धर. "फुकट" ऐकून दिलेल्या परीक्षेचं वार्षिक शुल्क नंतर भरता न आल्यानं सर्टिफिकेट गेलेली मुलं मी पाहिलीत.

जुना_स्विच यांनी नेटवर्कचा आग्रह धरला त्याला माझ्या कामातून दुजोरा देतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस जपायचे, आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली हवीत. हे शेवटचं लोक हसण्यावारी नेतात. सीसीएनएतला एनटीपीचा छोटा धडा मुलं सोडून देतात. पण फायरवॉलचं घड्याळ सात मिनिटं पुढे आणि सर्व्हरचं तीन मिनिटं मागे असेल तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हे कोणीच सांगू शकत नाही. मी अशा एका घटनेचे लॉग दोन रात्री हातानं जुळवले आहेत.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो इथल्या बहुतेकांना आठवत असेल. दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, त्यातली बहुतेक अनेक देशांतल्या एटीएममधून. बँकेच्या खऱ्या स्विचऐवजी एक बनावट स्विच व्यवहारांना होकार देत होता. इथे स्विच म्हणजे पेमेंटचं सॉफ्टवेअर, रॅकमधला नाही. पण कोणतं यंत्र कोणाशी बोलू शकतं, ते कोण ठरवतं आणि ते बदललं तर कोणाला कळतं, हे प्रश्न तेच आहेत. एसीएल (कोणाला जाऊ द्यायचं त्याचे नियम) आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं) यांचे धडे वाचताना हे डोक्यात ठेव.

---

हडसनकाठ · मंगळवार, सायंकाळी ६:४०

न्यू जर्सीहून. सिक्युरिटी प्लसचा अमेरिकेत एवढा बोलबाला का, ते सांगतो, कारण यूट्यूबवरच्या याद्या बहुतेक इथल्या असतात आणि आपली मुलं त्या जशाच्या तशा उचलतात.

इथल्या संरक्षण खात्यानं २००४-०५ मध्ये ८५७० नावाचा नियम केला: त्यांच्या यंत्रणांवर काम करणाऱ्याकडे ठरावीक सर्टिफिकेशन हवंच. आता त्याच्या जागी ८१४० आहे. सिक्युरिटी प्लस त्या यादीत बसते, म्हणून हजारो नोकऱ्यांची ती किमान अट झाली. त्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांना सुरक्षा परवाना लागतो, आणि तो मिळायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. म्हणजे तिकडून एच-वनबी व्हिसावर येणाऱ्याला त्या दारातून आत जाता येत नाही. परीक्षा चांगलीच आहे: ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० लागतात. सध्याची आवृत्ती ७०१, नोव्हेंबर २०२३ पासूनची. शिकण्यासाठी द्या. "अमेरिकेत हीच मागतात" म्हणून देऊ नका.

एक व्यवहाराची गोष्ट. नोंदणीत नाव सरकारी ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आपलं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि दुसऱ्या कागदावर क्रम उलटा. माझ्या भावाला नावाच्या फरकावरून केंद्राच्या दारातून परत पाठवलं होतं, शुल्कही गेलं.

---

पन्हाळा_४१६ · मंगळवार, रात्री ८:१५

+१. शिवाय घरून परीक्षा द्यायचा पर्याय असतो तो घेऊ नको भावा. माझी सिक्युरिटी प्लस चालू असताना गावाकडची लाइट गेली. केंद्रावर जा, डबा घेऊन जा. आणि सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, याची सवय घरी करून जा.

---

गोदाकाठ · मंगळवार, रात्री १०:१०

वाचनखूण साठवली आणि वहीतही उतरवलं. ठरलं. सीसीएनए. रोज सकाळी ५ ते ७, सोबत रातराणीताईंनी सांगितलेलं वाझू रविवारी. इंग्रजीचं असं करतोय की एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि ते मराठीत स्वतःला सांगायचं. काल "स्पॅनिंग ट्री" (स्विचांमध्ये जादा केबल असली तर माहिती गोल फिरू नये म्हणून एक वाट बंद ठेवणं) रूममेटला सांगितलं. तो हॉटेल मॅनेजमेंटचा आहे. त्यानं विचारलं, "मग दुसरी केबल लावायचीच कशाला?" आणि मला उत्तर देता आलं.

---

गोदाकाठ · साडेचार महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, कारण आज जे झालं ते इथेच सांगायचं होतं.

कारखान्यात नवीन असेंब्ली लाइन बसली. ११ संगणक लावले, एकालाही नेटवर्क मिळेना. पूर्वी मी प्रत्येक मशीन तीन वेळा रिस्टार्ट केलं असतं. आज आधी पत्ता बघितला. सगळ्यांना १६९.२५४ नं सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून) काहीच येत नाही, विंडोजनं स्वतःच पत्ता लावून घेतलाय. केबल ठीक, दिवे हिरवे. एका मशीनला हातानं पत्ता दिला तर गेटवे पिंग झाला. मग मागणीच सर्व्हरपर्यंत पोचत नसणार. डीएचसीपीची पहिली हाक ब्रॉडकास्ट असते, ती व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. ती पुढे सर्व्हरपर्यंत पोचवायला हेल्पर अ‍ॅड्रेस लागतो.

बेंगळुरूला फोन लावला. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, दिवा कोणत्या रंगाचा. मी म्हणालो, सर, नवीन व्हीलॅनच्या इंटरफेसवर हेल्पर अ‍ॅड्रेस टाकलाय का? पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कीबोर्डचा आवाज. मी रिन्यू केलं आणि १०.४४ चा पत्ता आला. अकराच्या अकरा मशीन. त्या सरांनी माझं नाव विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

परीक्षेची तारीख घेतलीय, पुढच्या महिन्यातली, पुण्यातल्या केंद्रावर. नाव पॅन कार्डावर आहे तसंच टाकलंय.

आता अडलेली गोष्ट. लॅबमध्ये एका स्विचला चार राउटर जोडून ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) लावलं. तीन आणि चार नंबरचे राउटर एकमेकांशी "टू-वे" (नुसती ओळख) वरच थांबतात, "फुल" (पूर्ण देवाणघेवाण) होत नाहीत. बाकी सगळे राउट मात्र येतात. दोन संध्याकाळी गेल्या. माझी चूक कुठे आहे?

---

जुना_स्विच · शनिवार, रात्री ९:५८

आधी त्या अकरा मशीनबद्दल शाबास. घरी सौ.ला वाचून दाखवलं.

तुझी चूक नाही. एकाच स्विचवर चार राउटर असले की ओएसपीएफ त्यांच्यातला एक डीआर (मुख्य) आणि एक बीडीआर (त्याचा राखीव) निवडतं. उरलेले दोघं त्या दोघांशी फुल होतात आणि आपसात टू-वेवरच थांबतात. सगळ्यांनी सगळ्यांना सगळं सांगत बसू नये म्हणून ही व्यवस्था आहे. चारांत फरक जाणवत नाही, वीस राउटर असते तर कळला असता.

आता चार नंबरच्या राउटरची प्रायॉरिटी २०० कर. तो लगेच डीआर होणार नाही. का होत नाही ते शोध आणि इथे लिही.